बाईंचं वाक्य

"एकदा ढवळायला घेतलं की तासभर हात थांबवायचा नाही," असं मी शेतकऱ्यांना मराठीत सांगत होते, तेवढ्यात वैजयंता कोष्टी शाळेच्या मागच्या फाटकातून आत आली. एका हातानं तिनं लेकीचं, केतकीचं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्या हातात मिरजेच्या दवाखान्याची मोठी पिशवी होती, एक्स-रे ठेवतात तसली. तिच्यामागून दहा पावलं सोडून तिचा नवरा सदाशिव येत होता, कुणी ओढून आणल्यासारखा.

ती वाफे तुडवत सरळ पिंपापाशी आली. "ह्या बाईस्नी बोलायचंय मला," पिंपात काठी फिरवणाऱ्या जर्मन बाईंकडे बोट करून ती मला म्हणाली. "तुमी मधी ऱ्हावा आन् माझं जसंच्या तसं सांगा."

"वैजयंता, जरा थांबा," मी म्हणाले. "चाळीस मिनिटं राहिलीत."

ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. वर्षभर जिला थांबा म्हणून सांगितलं, तिला मी आणखी चाळीस मिनिटं थांबायला सांगत होते. आणि कशासाठी, तर शेणाचं पाणी ढवळून व्हायचं होतं म्हणून.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. आमची शाळा सांगलीच्या बाहेर, माधवनगरच्या पलीकडे होती. नाव पारंबी. शंभरेक वर्षांपूर्वी युरोपात निघालेल्या अँथ्रोपॉसॉफी नावाच्या विचारावर ती चालायची. नाव जिभेला जड आहे, पण विचार मी अजूनही झोपेतून उठवलं तरी सांगू शकते. माणूस म्हणजे नुसतं शरीर नव्हे. शरीर, प्राण, मन आणि या सगळ्यांच्या वरचा 'मी', असे त्याचे चार थर असतात, आणि मूल जन्मलं म्हणजे तो 'मी' लगेच त्यात येऊन बसतो असं नाही. तो सावकाश उतरतो. दुधाचे दात पडायला लागले की पहिला मुक्काम आला असं समजायचं. तोवर मुलाला अक्षर शिकवायचं नाही, घाई करायची नाही, गोष्टी सांगायच्या, कणीक मळायला द्यायची, मातीत खेळू द्यायचं. हाच विचार शेतीत गेला की गाईचं शिंग शेणानं भरून थंडीभर जमिनीत पुरायचं, मग ते उकरून त्यातलं चिमूटभर शेण कोमट पाण्यात घालून तासभर ढवळायचं आणि संध्याकाळी रानावर शिंपडायचं. औषधात गेला की त्याचे वेगळे डॉक्टर, वेगळी औषधं. आणि हे सगळं समजावून सांगायला दरवर्षी फेब्रुवारीत जर्मनीहून हेडविग बाई यायच्या.

हेडविग बाई साठीच्या पुढच्या, हाडापेरानं मजबूत, सुती झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्या इंग्रजीत बोलायच्या आणि मी मराठी करायची. मी शाळेत बालवर्गाची ताई होते, वृंदाताई, पण खरी मिरवायची ती या दुभाषीपणात. इंग्रजी घेऊन एम.ए. केलेलं, मराठीचा कान चांगला. लोक म्हणायचे, बाई बोलतात ते बरं असतं, पण वृंदाताई सांगतात ते मनाला भिडतं. हे ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी दुपारचे चार वाजले होते. वीसेक हळदवाले आणि द्राक्षवाले शेतकरी गोल करून बसले होते, मधोमध लाकडी पिंप, आणि हेडविग बाई उभ्या राहून काठीनं पाणी गरागरा फिरवत होत्या. भोवरा तळापर्यंत गेला की उलट्या बाजूनं फिरवायचं, पुन्हा भोवरा, पुन्हा उलट. बाजूला आमचे मुख्याध्यापक उपाध्ये सर हातातल्या घड्याळाकडे बघत उभे होते.

"आणखी थांबू?" वैजयंता म्हणाली. तिचा आवाज मुळातच मोठा. तिच्या घराला लागून चार यंत्रमाग होते, आणि मागाच्या खडखडाटात जन्म गेलेली माणसं हळू बोलायला शिकतच नाहीत. "किती थांबू, ताई? तुमी सांगा. आणखी एक कान जाईस्तवर थांबू?"

उपाध्ये सर पुढे आले आणि त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "ताई, आपण ऑफिसात बसू या का? चहा घ्या. बाईंचं काम झालं की निवांत बोलू."

"चा पाजू नका मला," वैजयंता म्हणाली.

हेडविग बाईंनी ढवळता ढवळता मान वर केली. केतकीच्या उजव्या कानात कापसाचा बोळा होता आणि त्यावर चिकटपट्टी. बाईंनी तो पाहिला. मला विचारलं, "या मुलीला काय झालंय?"

"एक पालक आहेत, मी नंतर सांगते," मी इंग्रजीत म्हणाले.

बाईंनी काठी सोडून दिली. भोवरा आपला आपण फिरत राहिला, मग मंद होऊन बसला. "हेडविग, तास पुरा व्हायला हवा," उपाध्ये सर घाईघाईनं म्हणाले. "पाणी पुन्हा आणता येईल," बाई म्हणाल्या, आणि झग्याला हात पुसत वैजयंतासमोर येऊन उभ्या राहिल्या.

मग वैजयंता बोलली आणि मी सांगत गेले. उजव्या कानाच्या पडद्यामागे कधीपासूनच सडत आलं होतं. त्या घाणीनं आतली बारीक हाडं खाल्ली होती. तो कान आता ऐकणार नाही. तेच दुखणं डाव्या कानात सुरू झालंय, पण तो अजून वाचण्यासारखा आहे. सोमवारी ऑपरेशन करू, उशीर नको, असं मिरजेचे डॉक्टर म्हणाले. आज शनिवार.

"आन् ह्ये सही करीत न्हाईत," वैजयंतानं मागे न बघता नवऱ्याकडे हात केला. "माझी सही चालती, डॉक्टर म्हणले. पण ह्ये म्हणत्यात, उद्या पोरीला विट्याला आईकडं नेऊन ठेवतो. दात पडूस्तवर. का, तर ह्या बाईंनी सांगितलंय. म्हणून आलेय मी. हिनंच थांबा म्हणून सांगितलं, आता हिनंच जावा म्हणून सांगावं. ह्यांच्या तोंडावर सांगावं."

सदाशिव खाली बघत होता. मोठा सज्जन माणूस. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "वृंदाताई, मी अडाणी न्हाई. डॉक्टरचं मला कळतंय. पण त्येंचं कामच कापायचं. बाईंनी तवा सांगितलं ते मी इसरलो न्हाई." आणि त्यानं मान वर करून, शाळेतलं पाठ म्हणावं तसं, म्हणून दाखवलं: "तुमची मुलगी म्हणजे तुमच्या दारात आलेला पाहुणा आहे. पाहुणा दारात उभा असताना त्याला हात धरून आत ओढू नका. दात पडायला लागले की तो आपणहून आत येईल, आणि त्या दिवशी तो तुमची पहिली हाक ऐकेल." मग तो म्हणाला, "मागाच्या भिंतीवर लिवून ठेवलंय मी. कांडीवर सूत भरताना रोज दिसतंय."

आधीच्या फेब्रुवारीतली गोष्ट ती. गावातला हॉल घेऊन आम्ही तीन दिवसांचं परिचय शिबिर केलं होतं. पहिल्या दिवशी विचार, दुसऱ्या दिवशी शाळा, तिसऱ्या दिवशी शेती आणि आरोग्य. दीडशे माणूस. तीन दिवस मी अशी बोलले होते की लोक जेवायच्या सुट्टीतही मला गाठून प्रश्न विचारत होते. शेवटच्या तासाला वैजयंता उठली. भर सभेत बोलायची तिला सवय नव्हती, तरी उठली. "माझी पोरगी साडेपाच वर्षांची हाय," ती म्हणाली. "हाक मारली तर वळत न्हाई. कान ठसठसतो म्हणती. मंग गप बसून ऱ्हाती. मी काय करू?"

केतकी माझ्याच वर्गात होती. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही सगळ्या ताया बसायचो आणि एका मुलाबद्दल बोलायचो. निदान करायचं नाही, शेरा मारायचा नाही, फक्त ते मूल कसं चालतं, कसं हसतं, पाणी कसं पितं, हे डोळ्यांसमोर आणायचं. बालदर्शन म्हणायचो आम्ही त्याला. केतकीसाठी आम्ही तीन गुरुवार दिले होते. मी सांगितलं होतं की ही मुलगी स्वप्नात असते, हाक तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, ती अजून पुरती खाली उतरलेली नाही. बोटांचे खेळ घेतले की ती सगळ्यांच्या आधी करते, गोष्ट सांगताना मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसते. किती सुंदर बघते, असं मी म्हणाले होते, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कान दुखला तर आमच्याकडचा उपाय होता, कांदा बारीक चिरून फडक्यात बांधायचा आणि ती कोमट पोटली कानावर धरायची. मी स्वतः धरली होती, दहा वेळा तरी. केतकी माझ्या मांडीवर डोकं ठेवून शांत पडायची.

ती मुलगी ओठ वाचत होती. घरात मागांच्या आवाजात सगळेच ओठ वाचतात, हातांनी बोलतात, म्हणून घरच्यांना कळायला उशीर झाला. मला काय झालं होतं? माझ्या वर्गात तर माग नव्हते.

तर वैजयंतानं विचारलं, मी इंग्रजी केलं, हेडविग बाई दोनेक मिनिटं बोलल्या, आणि मी मराठी केलं. पाहुणा, दार, पहिली हाक. पुढच्या रांगेतल्या एक बाई पदरानं डोळे पुसत होत्या. सदाशिव तर सरळ रडत होता. वैजयंता एकटी तशीच उभी राहिली, आणखी काहीतरी ऐकायचं राहिलंय अशी. मग नवऱ्यानं हात ओढला आणि ती बसली.

आता पिंपाशेजारी सदाशिवचं म्हणणं मी हेडविग बाईंना इंग्रजीत सांगितलं. पाहुण्याचं वाक्यसुद्धा. बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या.

"मी थांबा म्हणाले? दुखणाऱ्या कानाच्या बाबतीत?" त्या म्हणाल्या. "वृंदा, काहीतरी घोटाळा आहे. असा प्रश्न मला सगळीकडे विचारतात, आणि मी सगळीकडे एकच सांगते. आधी कानाच्या डॉक्टरकडे जा, याच आठवड्यात. कान दुखतो आणि मूल वळत नाही, याला स्वभाव समजू नका. ते पहिलं. बाकीचं त्यानंतर. मी तुमच्या हॉलमध्ये हे म्हणाले होते. विचार त्यांना."

त्यांना कुणाला विचारणार? बाईंचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवायला तर मीच होते.

आणि मला आठवलं. विसरले होते असं म्हणायची सोय नाही, कारण आठवायला क्षणही लागला नाही. बाईंनी हे सांगितलं होतं. पहिल्याच दोन वाक्यांत सांगितलं होतं, बोट उभं करून. मी ते ऐकलं होतं आणि गाळलं होतं.

का गाळलं, याची उत्तरं मी चौदा वर्षं स्वतःला देतेय आणि प्रत्येक वेळी माझाच मला संताप येतो. तीन दिवस बांधत आणलेली सभा होती, लोक जागच्या जागी खिळले होते, आणि त्यात 'कानाच्या डॉक्टरकडे जा' म्हणजे अगदीच दवाखान्याची चिठ्ठी वाचून दाखवल्यासारखं वाटलं. हे एक. पण एवढंच असतं तर मी स्वतःला एव्हाना माफ केलं असतं. खरं असं की ते वाक्य मला झोंबलं. याला स्वभाव समजू नका, असं बाई म्हणाल्या, आणि मी तर तीन गुरुवार तेच समजून बसले होते, सगळ्या शाळेला तेच समजावून दिलं होतं. दीडशे माणसांसमोर माझ्याच तोंडानं मी माझी चूक कशी सांगू? म्हणून मी पुढच्या वाक्यावर उडी मारली. पुढे बाई जे बोलल्या ते मुलांच्या वाढीबद्दल, सर्वसाधारण. ते मी केतकीला चिकटवलं आणि वर पाहुणा माझ्या पदरचा घातला.

पदरचा. बाईंच्या बोलण्यात पाहुणा नव्हताच.

"काय म्हणत्यात बाई?" वैजयंतानं विचारलं.

आणि माझ्यातला हलकटपणा बघा, तेव्हाही मी वाट काढली. म्हणाले, "बाई म्हणतात, आता डॉक्टर सांगतात तसंच करा. ऑपरेशन करून घ्या."

यात खोटं काहीच नव्हतं. वैजयंतानं मोठा श्वास सोडला आणि नवऱ्याकडे वळली. "ऐकलंसा? आता तरी?"

सदाशिव हेडविग बाईंकडे बघत होता. बराच वेळ त्यानं त्यांचा चेहरा निरखला. मग मान हलवली. "आता असं म्हणत्यात," तो म्हणाला. "तू एवढ्या लोकांत आरडाओरडा केलास, परमुलखातली बाई भ्याली. भ्यालेलं माणूस दवाखाना दाखवणारच. तवा कुणी दम दिला नव्हता, तवा मनातलं बोलल्या. मी तवाचं धरतो." त्यानं केतकीपुढे हात केला. "चल गं."

केतकीनं त्याचे ओठ पाहिले आणि आईच्या हातातून मनगट सोडवून घेऊन ती त्याच्याकडे गेली. तिला काय, बाप बोलावतोय म्हणजे घरी जायचं.

"न्हेऊन तर बघा," वैजयंता म्हणाली, पण तिचा आवाज फाटला होता. इतका वेळ ती भांडत होती, आता तिला रडू येत होतं आणि त्याचाही तिला राग येत होता. ती माझ्याकडे वळली. "ताई, नीट सांगा की वो ह्यास्नी. तुमचं ऐकत्यात ह्ये. तुमच्या तोंडनं आलं की खरं वाटतं ह्यास्नी."

उपाध्ये सर हळूच माझ्या कानाशी आले. "वृंदाताई, आणखी ताणू नका," ते म्हणाले. "मी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सदाशिवना समजावतो. शेतकरी बसलेत, पाणी फुकट जाईल."

पाणी फुकट जाईल. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि इतका वेळ माझ्यात जे भीतीसारखं होतं त्याचा संताप झाला. असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. त्याचा एक फायदा झाला, तोंड उघडलं.

"सदाशिव, थांबा," मी म्हणाले. "बाई भ्याल्या नाहीत. बाई तेव्हाही हेच म्हणाल्या होत्या. आधी कानाच्या डॉक्टरकडे जा, याच आठवड्यात, असं म्हणाल्या होत्या. मी सांगितलं नाही."

सदाशिव फाटकाच्या दिशेनं चार पावलं गेला होता. तो वळला. त्याला राग आलेला नव्हता, त्याला समजत नव्हतं. "म्हंजे?"

"म्हणजे त्या बोलल्या आणि मी गाळलं."

"आन् ते पाव्हण्याचं?"

"ते माझं."

"बाईंचं न्हाई?"

"नाही. मी रचलं. बाईंना ते आज पहिल्यांदा कळलं."

त्यानं एकदा हेडविग बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. वर्षभर त्यानं त्या वाक्याला रोज नमस्कार केला असेल, न केला असेल, मला माहीत नाही. पण त्याचा चेहरा मी पाहिला. त्यानं वैजयंताच्या हातातली दवाखान्याची पिशवी घेतली, तिच्याकडे न बघता म्हणाला, "सही कुठं करायची असती, ते दाखव घरी गेल्यावर," आणि केतकीला कडेवर घेतलं. साडेसहा वर्षांची मुलगी, पाय लोंबत होते. तो तिला घेऊन स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला.

सोमवारी ऑपरेशन झालं आणि डावा कान वाचला. हे इथंच सांगून टाकते. पुढचं सांगताना कुणाला वाटायला नको की मी स्वतःची बाजू सावरायला ते राखून ठेवलं. केतकी डाव्या कानानं ऐकते. उजव्या बाजूनं हाक मारली तर अजून वळत नाही.

हेडविग बाईंना यातलं मराठी कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "तू आत्ता त्यांना काय सांगितलंस?" मी इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्या ओरडल्या नाहीत. जवळच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "सहा वर्षं मी या देशात तुझ्या तोंडानं बोलतेय. आणखी काय काय राहिलं?" मला खरंच माहीत नव्हतं. त्या विचारात काय खरं आणि काय नुसतं सुंदर, यावर मी नंतर पुष्कळ डोकं फोडलं. शिंगातल्या शेणानं हळद चांगली येते की नाही, तेही आजपर्यंत मला सांगता येत नाही. पण केतकीचा कान त्या विचारानं गेला असं म्हणून मी कधी सुटून जाणार नाही. तो माझ्या जिभेनं गेला.

वैजयंता अजून उभी होती. मला वाटलं, आता ही मला मारेल. मारावं असं मला वाटत होतं. माझ्यासाठी ते बरं झालं असतं. पण तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं. तिचा तसा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

"मी वरीसभर ह्यांच्याशी भांडले. सासूशी भांडले. मला वाटायचं, एवढी शिकलेली बाई सांगती, आपल्यालाच काय कळत न्हाई. ताई, एक सांगा. त्या दिशी हालमधी इंग्रजी कळणारं तुमच्याबिगर कुणीच नव्हतं का?"

हा प्रश्न मला त्या क्षणापर्यंत सुचलाच नव्हता. मी हॉल आठवला. पहिल्या दोन रांगा. डॉक्टर होते, दोन प्राध्यापक होते, आमच्या शाळेच्या पाच ताया, इंजिनिअर पालक, विलायतेला जाऊन आलेले द्राक्षवाले. चाळीस तरी माणसं असतील, ज्यांनी बाईंचं पहिलं वाक्य बाईंच्या तोंडून ऐकलं होतं. आणि पहिल्या रांगेत मधोमध उपाध्ये सर होते.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पिंपाकडे बघत होते.

"सर," मी म्हणाले, "तुम्हाला तेव्हा लक्षात आलं होतं?"

सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण सौम्यपणे ते म्हणाले, "आलं होतं, वृंदाताई. पण तुम्ही इतकं सुंदर बोलत होता. मधेच उठून तोडणं बरं दिसलं नसतं."

वैजयंतानं ते ऐकलं. तिनं सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गोल करून बसलेल्या त्या माणसांकडे. त्यातले दोन-तीन द्राक्षवाले पहिल्या रांगेतलेच होते, आणि आता ते चपलांच्या अंगठ्यांशी चाळा करत होते.

"म्हंजे सगळ्यास्नी कळलं हुतं," ती म्हणाली. "आमी सोडून."

आणि ती फाटकाकडे चालायला लागली.